पहिलं उत्तर कुत्र्याला

बुरुलच्या घरात कुणी काही विचारलं, की पहिलं सुचलेलं उत्तर कुत्र्याला टाकायचं, असा नियम होता. दुसरं शेजाऱ्याला द्यायचं. तिसरं सुचेल तेवढं आपलं. नियम खरं तर मुलांसाठी होता, पण बाई तो सगळ्यांवर चालवायची. मी तिची धाकटी जाऊ, भिंतीला भिंत लागून राहणारी, त्यामुळे सगळ्यात जास्त भोगलं ते मी. सकाळी मीठ मागायला जावं, तर ही दारातच विचारणार, "कशाला गं मीठ?" मी म्हणायची, "चहात टाकायला. आणखी कशाला?" की लगेच अंगणात झोपलेल्या कुत्र्याकडे बोट. कुत्रा बिचारा माझी उत्तरं खाऊन खाऊन म्हातारा झाला.

मी तिला एजे म्हणायची. थोरल्या बहिणीला, थोरल्या जावेला आमच्याकडे तसंच म्हणतात. बुटकी, रुंद खांद्यांची, आवाज कधी न चढवणारी बाई. हसताना मी तिला फार थोडं पाहिलं. तिच्यासारखं मुलांना शिकवणारं कुणी आमच्या अत-बाशीच्या खोऱ्यात नव्हतं, आणि तिच्याइतकं त्यापायी भोगलेलंही कुणी नसेल. तिला आयुष्यात शेवटी एकच भीती उरली होती, ती म्हणजे सेझिम तिला सोडून जाईल. ती सगळी हकिगत मी जवळून पाहिली आहे. माझा स्वभाव जरा तिखट आहे, पण यात मी मीठ-मिरची लावणार नाही.

बुरुल शिरदाक करायची. शिरदाक म्हणजे आमचे नमद्याचे गालिचे. ते कसे करतात हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. लोकर भिजवायची, तुडवायची, लाटायची, त्याचा जाड नमदा होतो. दोन रंगांचे नमदे, समजा लाल आणि तपकिरी, एकावर एक अंथरायचे. वरच्यावर खडूनं मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढायची, आणि धारदार सुरीनं दोन्ही एकदम कापायचे. मग लालातून निघालेली शिंगं तपकिरीच्या भोकात बसवायची, तपकिरीतून निघालेली लालाच्या भोकात. शिवून टाकलं, की एका कापणीत दोन शिरदाक तयार. चिंधीसुद्धा वाया जात नाही. फक्त एवढंच, की सुरी चुकली तर ती दोन्हीकडे चुकते.

कापताना मुलं भोवती जमली, की ती कापलेला तुकडा गुडघ्याखाली लपवायची आणि भोक पडलेला नमदा त्यांच्यापुढे धरायची. "इथून काय गेलं?"

"शिंग गेलं!"

"हे कुत्र्याला. आणखी?"

"नदीचं वळण."

"शेजाऱ्याचं. आणखी?"

मग मुलं डोकं खाजवायची, आणि त्यातलं एखादं असं काहीतरी बोलायचं की मी सुई हातात धरून तशीच बसून राहायची. बरोबर की चूक, ते बुरुल कधीच सांगत नसे. नुसतं "हं" म्हणायची आणि पुढं कापायला लागायची. मला वाटायचं, हा काय पोरखेळ मांडलाय हिनं. पोरांना मेंढ्या राखायच्या, बटाटे खणायचे. त्यांना कशाला हवीत तीन-तीन उत्तरं? मी आयुष्य एकाच उत्तरावर काढलं आणि माझं काही अडलं नाही.

पण हा पोरखेळ नव्हता. तिला एक मुलगी होती. ऐसुलू.

बुरुलचा नवरा सातार, म्हणजे माझा थोरला दीर, मेंढपाळ होता. वसंतात मेंढ्या विताना सगळं घर वरच्या कुरणात असायचं. एके दिवशी सातारनं पोरीला एका मोठ्या दगडापाशी उभं केलं, चार कोकरं तिच्या ताब्यात दिली आणि म्हणाला, "मी येईपर्यंत इथून हलायचं नाही." ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." तिची ती सवयच होती. काहीही सांगा, "तुम्ही म्हणाल तसं." गोड पोरगी होती हो. मग बर्फाचं वादळ आलं. सातार पलीकडच्या घळीत अडकला. दगडापासून आमची झोपडी हाकेच्या अंतरावर होती. उतारानं नुसतं घरंगळत आलं असतं, तरी मूल दारात येऊन पडलं असतं. ऐसुलू हलली नाही. सकाळी सापडली तेव्हा ती दगडाला टेकून बसलेली होती आणि तिच्या कोटाच्या आत एक कोकरू होतं. कोकरू जिवंत होतं.

मातीला आलेली माणसं काय म्हणाली, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. "किती आज्ञाधारक लेकरू!" "बापाचा शब्द मोडला नाही हो!" एकामागून एक, सगळ्यांनी तेच. त्यांना वाटलं, आईला तेवढाच धीर. बुरुल सगळ्यांना मान हलवत राहिली. पाहुणे गेल्यावर मला म्हणाली, "कुलिपा, हे सगळे तिचं कौतुक करताहेत. ती ज्यानं मेली, त्याचं कौतुक करताहेत." त्यानंतर ऐसुलूचं नाव तिनं फारसं काढलं नाही. पण त्याच उन्हाळ्यात तिनं पहिल्यांदा भोक पडलेला नमदा मुलासमोर धरला. मेलिससमोर, ऐसुलूच्या धाकट्या भावासमोर. तो तेव्हा जेमतेम बोलायला लागला होता.

मेलिसच्या बाबतीत तिचं चुकलं. दुःख ताजं होतं, त्यामुळे शिकवण्यात खेळ कमी आणि धाक जास्त. पोरानं "माहीत नाही" म्हटलं, की ती त्याचे खांदे धरून हलवायची. "माहीत नाही म्हणजे काय? विचार कर! आणखी काय होईल? आणखी काय?" पोरगं रडायचं. शेवटी मोठेपणी तो असा झाला, की काहीही विचारा, "बघू." लग्न कधी? बघू. काम काय करणार? बघू. तिनं दगड फोडायला जावं आणि पहारच वाकावी, तसं झालं. तिला ते कळत होतं. म्हणून पुढं जे मूल आलं, त्याला तिनं एकदाही हलवलं नाही.

सातार गेल्यावर घर ओस पडलं. त्याच सुमाराला मेलिसला आणि त्याची बायको चोलपोनला मुलगी झाली. आमच्यात पहिलं नातवंड आजी-आजोबांचं. दूध सुटलं की ते आजीच्या घरी येतं, तिथंच वाढतं, आजीला आपा म्हणतं, म्हणजे आई. बापाला बायके म्हणतं, म्हणजे थोरला भाऊ, आणि जन्म देणारीला जेने, म्हणजे वहिनी. याला कुणी फसवणूक म्हणत नाही. दिलेलं मूल परत मागायचं नसतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. मेलिसनं मुलगी आणून दिली तेव्हा आम्ही दोघी लाल आणि तपकिरी नमदा कापायला बसलो होतो. मी टोक ताणून धरलं होतं. चोलपोन उंबऱ्यातच उभी होती, आत येईना, मागे जाईना. तिच्या अंगावरच्या कपड्याला छातीशी दुधाचे डाग होते. मेलिस तिला घेऊन निघाला आणि आत पोरीनं असा टाहो फोडला की बुरुलची सुरी सटकली. एका शिंगाचं टोक तुटलं. लालाचंही, तपकिरीचंही.

"सांध एजे, कडेला घालून शिवून टाक," मी म्हटलं.

"राहू दे," ती म्हणाली. "जे झालं ते दिसू दे."

पुढं मेलिस आणि चोलपोन कामासाठी रशियात, येकातेरिनबुर्गला गेले. निघताना बुरुलनं त्या जोडीतला एक शिरदाक गुंडाळून सुनेच्या काखोटीला दिला. "हिला रिकाम्या हातानं कशी पाठवू?" मला म्हणाली. मी मनात म्हटलं, लेक ठेवून घेतली आणि गालिचा दिला, बरा सौदा आहे. पण तोंडानं बोलले नाही. मलाही कधीकधी तोंड आवरतं.

त्या मुलीचं नाव सेझिम. तिच्यासाठी बुरुलनं घराचीच शाळा केली. वीज गेली की दिवा लावायचा नाही, आधी अंधारात कोणता आवाज कशाचा ते ओळखायचं, आणि मग तोच आवाज दुसऱ्या कशाचा असता, तर काय, ते सांगायचं. बटाटे सोलताना सालीच्या आकाराची गोष्ट रचायची. "आपल्या घराला दारच नसतं तर?" यावर आठवडाभर भांडण. सेझिमनं शेवटी ठरवलं, की मग घर आपल्याकडे आलं असतं. आणि तुटक्या शिंगाचा शिरदाक तर रोजचाच, कारण ती त्याच्यावरच झोपायची.

"हे शिंग कशानं तुटलं, आपा?"

"तू सांग."

"मेंढा भांडला."

"कुत्र्याला."

"बकरीनं चंद्र खाल्ला."

"शेजाऱ्याचं."

पोरगी पालथी पडून, हनुवटी मुठींवर टेकून बघत राहिली. "हे शिंगच नाही. हा हात आहे. काहीतरी धरलं होतं त्यानं, ते सुटलं."

बुरुल उठून चुलीत शेणी सारायला गेली. चूल चांगली भडकलेली होती. पोरीनं फारच खोदून विचारलं, की ती तेवढंच सांगायची, तू रडलीस म्हणून सुरी सटकली.

एकदा सेझिमची मास्तरीण घरी आली. नवीन होती, तरुण, भली पोरगी. तिनं वर्गाला आपापलं घर काढायला सांगितलं होतं आणि सेझिमनं कागदभर नुसते पाय काढले होते. "मी तिला विचारलं, तर म्हणते, चूल खालून बघते तसं घर आहे," मास्तरीण म्हणाली. "मला कळेना, शाबासकी द्यावी की कान धरावा." बुरुलनं कागद मध्ये ठेवला आणि विचारलं, "कुणाचे पाय आहेत, ओळखू येतात का?" मास्तरीण वाकून बघायला लागली. एकदम हसलीच. "हे फाटके रबरी बूट यांचे!" म्हणून तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. खरंच माझे होते. मी सेझिमला म्हटलं, "थांब भवाने, तुझं घर काढते मी, नुसत्या कानांचं." तिघी हसल्या. बुरुलसुद्धा. मी म्हटलं ना, फार थोडं पाहिलं, त्यातलं हे एक.

पण मला एक गोष्ट खात होती. मी बुरुलला कितीदा सांगितलं, "एजे, पोरीला खरं काय ते सांग. गावात कुणाचीही जीभ घसरेल." ती म्हणायची, "सांगते. वसंत येऊ दे." वसंत यायचा, मेंढ्या वर जायच्या, आणि ती नवीन लोकर तुडवायला घ्यायची. "सांगितलं आणि ती त्यांच्याकडे गेली तर?" असं एकदाच तिच्या तोंडून निघालं. भोक बघून गेलेली वस्तू ओळखायला जिनं पोरीला शिकवलं, तीच आशा करत होती की पोर आपल्याच घरातल्या भोकाकडे बघणार नाही. माणूस असाच असतो, दुसरं काय.

मेलिस आणि चोलपोन दर रविवारी फोनवर दिसायचे. दोघं कपाटापुढे खुर्च्या टाकून, फोटो काढायला बसल्यासारखे बसायचे. एका रविवारी मी तिथंच कणीक मळत होते. मेलिसच्या हातून फोन निसटला, तिकडची खोली गर्रकन फिरली आणि भिंत दिसली. भिंतीवर शिरदाक होता. आपला लाल, तर तो तपकिरी. आपली शिंगं तपकिरी, तर त्याची लाल. आणि एका शिंगाचं टोक तुटलेलं. मेलिसनं फोन उचलला, हसला, पुन्हा कपाट आलं. बुरुल दूध बघायला बाहेर गेली होती. फोन संपल्यावर सेझिम आपल्या शिरदाकावर जाऊन बसली आणि त्या तुटक्या टोकावर तळहात ठेवून राहिली.

दोन-चार दिवसांनी ती माझ्याकडे अंडी घ्यायला आली. "कुलिपा एजे, जोडीतला दुसरा शिरदाक कुणाला देतात?"

"जो विकत घेईल त्याला."

"हे कुत्र्याला. आणखी?"

"नातलगाला. लग्नात, सणावारी."

"आणखी?"

मी म्हटलं, "तुझ्या आपाचं वेड माझ्यापुढे नको गं. अंडी घे आणि पळ, कोंबड्या खोळंबल्यात." ती गेली. दारातून वळून माझ्याकडे पाहिलं, इतकं शहाणं पाहिलं की मला कसंसंच झालं. त्यानंतर घरात ती तशीच हसत-बोलत होती. फक्त शिंग कशानं तुटलं, ते तिनं पुन्हा विचारलं नाही. बुरुलला वाटलं, पोर मोठी होतेय.

उन्हाळा संपताना, बटाटे काढायच्या दिवसांत, चोलपोन एकटीच आली. मेलिस आला नव्हता. आईकडे आपलं मूल परत मागायला कुठला मुलगा येईल? बायकोला पुढं घातलं त्यानं. बघू, बघू म्हणत आयुष्य गेलं त्याचं. चोलपोन वाळली होती. सुनेनं बसायचं तिथं, चहाच्या किटलीपाशी बसली आणि सगळ्यांना ओतून देऊ लागली. पेला थोडाच भरायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा देता येतो, ही आमची रीत. त्या दिवशी तिच्या हातून पेले काठोकाठ भरत होते, आणि ते तिच्या लक्षातही येत नव्हतं.

मग तिनं खाली बघूनच सांगितलं. पोटाची शस्त्रक्रिया झाली. आता मूल होणार नाही. "मागायचं नसतं, मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी मागत नाही. मी फक्त सांगायला आले. घरी आल्यावर भिंतीवरच्या त्या शिरदाकाशी बोलते मी. शेजारीण म्हणते, तुला वेड लागलंय."

सेझिम बाहेर बटाट्यांच्या राशीपाशी होती. मला सुनेची दया येत होती आणि रागही येत होता. बुरुलनं काठोकाठ भरलेला पेला बाजूला सारला. मग म्हणाली, "पोरीलाच विचारू."

मला ठाऊक होतं, ती हे का म्हणाली. तिची खात्री होती. जी मुलगी या घरात कधी पहिल्या उत्तरावर थांबली नाही, ती आपल्या मनातलं नेमकं बोलेल, आणि तिच्या मनात आपणच आहोत, असा तिचा हिशेब होता.

सेझिम आली, मातीचे हात मागे लपवून उभी राहिली. बुरुलनं तिला जवळ बसवलं. इतक्या वसंतांचं राहिलेलं तिनं एका वाक्यात सांगितलं. "सेझिम, तुला मी जन्म दिला नाही. हिनं दिला."

"माहीत आहे," सेझिम म्हणाली.

चोलपोनच्या हातातली किटली खाली आली. बुरुलनं विचारलं, "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तिकडच्या शिरदाकाचंही शिंग तुटलंय." तिनं चोलपोनकडे पाहिलं नाही. "तूच म्हणायचीस ना, मी रडले म्हणून सुरी सटकली. मग मी का रडले, याची मी तीन उत्तरं काढली."

मला हुंदका आला, मी तो डोक्यावरच्या रुमालाच्या टोकात दाबला. बुरुलचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज तसाच होता. "मग आता तू सांग. तुला कुठं राहायचंय? माझ्यापाशी, की हिच्यापाशी? मनात असेल ते सांग. कुणी रागावणार नाही."

सेझिमनं आधी बुरुलकडे पाहिलं, मग चोलपोनकडे, मग पुन्हा बुरुलकडे. पोरगी विचार करत होती, अगदी शिकवला तसा. एकेक उत्तर उचलून त्याखाली काय आहे ते बघत होती. प्रत्येकाखाली कुणीतरी रडत होतं. मग तिनं मान खाली घातली.

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली.

चोलपोनला त्या शब्दांत काही वावगं वाटलं नाही, शहाण्या मुलीचं उत्तर होतं ते. पण मी बुरुलकडे पाहिलं आणि पुन्हा बघवलं नाही.

"आणखी?" बुरुल म्हणाली. आवाज ओळखू येत नव्हता.

"आणखी काही नाही, आपा."

बुरुल उठली आणि बाहेर गोठ्यात गेली. मी मागोमाग गेले. ती गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मी म्हटलं, "एजे, तू राहा म्हण. ती तुझीच आहे. सगळा गाव तुझ्या बाजूनं आहे."

"सगळी उत्तरं होती तिच्याकडे," ती म्हणाली. "मला कळत नाही का? सगळी होती, आणि तिनं गिळली. माझ्यासाठी. आता मी राहा म्हटलं तर राहील. मी मरेपर्यंत राहील, हलायची नाही." तिनं डोळे मिटले. "नाही गं कुलिपा. मी पुन्हा कुणा पोरीला दगडापाशी उभी करणार नाही."

मी भांडले. खूप भांडले, अद्वातद्वा बोलले, सुनेचा उद्धार केला. बुरुलनं सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन सांगितलं, "सेझिम, तू तुझ्या आईबरोबर जा." सेझिमनं मान हलवली. रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. जाताना तिनं घरातली एकही वस्तू मागितली नाही. बुरुलनं तिच्या खिशात फक्त तुटक्या टोकाएवढा लाल नमद्याचा तुकडा घातला, आणि मोटार सुरू झाल्यावर म्हणाली, "पहिलं उत्तर काय करायचं?"

"कुत्र्याला टाकायचं," सेझिम खिडकीतून म्हणाली.

त्या वर्षी थंडी लवकर पडली. बुरुलनं नमदा कापायला घेतला, पण मन लागेना. अंगणातली मुलं यायची, भोवती बसायची, ती भोक धरायची नाही. मुलं कंटाळून निघून जायची. रविवारी फोन यायचा. सेझिम मोठ्या शहरातल्या मुलीसारखी दिसायला लागली होती, केस कापले होते. कपाटापुढे आता तीन खुर्च्या होत्या. "कशी आहेस?" "बरी आहे, आपा." "शाळा?" "चांगली आहे." फोन बंद. बुरुल बराच वेळ त्या काळ्या काचेकडे बघत बसायची.

मग एका दुपारी, रविवार नसताना, फोन वाजला. चित्र नव्हतं, नुसता आवाज. मी तिथंच लोकर विंचरत होते.

"कशी आहेस?" बुरुलनं विचारलं.

"बरी आहे, आपा."

"हे कुत्र्याला टाकलं," बुरुल म्हणाली. "पुढं."

"इथं बर्फ पडतोय. माझ्यासाठी रोज कणकेचे तळलेले बोरसोक असतात. बायकेनं नवे बूट आणले."

"हे शेजाऱ्याचं. पुढं."

मला वाटलं फोन तुटला. मग श्वास ऐकू आला, आणि त्या श्वासामागून आवाज, बारीक. "आपा, माझ्याशी वर्गात कुणी बोलत नाही. मला त्यांचं बोलणं भराभर कळत नाही म्हणून हसतात. सुट्टीत मी जिन्याखाली बसते, घंटा होईपर्यंत. मी कुणाला सांगितलेलं नाही."

मी बुरुलची बाही ओढली. "ये म्हण तिला! आत्ता म्हण!" तिचे ओठ हलले. ते शब्द तिच्या तोंडाशी आले होते, मी पाहिले. तिनं ते परत घेतले.

"चोलपोनला माहीत आहे?"

"नाही. ती रडेल."

"रडू दे. घरात आहे ना ती? मग जा, तिला हेच सांग. बरी आहे म्हणू नकोस. मला सांगितलंस तसंच्या तसं सांग. फोन तसाच ठेव, मी इथं आहे."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. पावलं लांब गेली. एक दार वाजलं. आणि मग, जशी ती आमच्या अंगणातून कुत्र्याच्या, कोंबड्यांच्या वरताण ओरडायची, तशी सेझिमची हाक आली.

"आपा!"

बुरुलचं तोंड उघडलं. इतकी वर्षं या हाकेला दिलेली ओ तिच्या ओठांवर आली, आणि त्याच वेळी तिकडून चोलपोनचा आवाज आला, "काय गं बाळा? काय झालं?" बुरुलनं तोंड मिटलं. फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. तिकडे दोघी रडत होत्या, बोलत होत्या, शब्द कळत नव्हते. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. फोन सुरू आहे, हे त्या दोघींच्याही लक्षात राहिलं नव्हतं. शेवटी तिनंच तो बंद केला.

"बोलली," ती मला म्हणाली. "आता नाही ती गोठायची कुठं."

तिनं नमदा पुढं ओढला, सुरी उचलली, पण कापलं नाही. मग न राहवून मी विचारलं, "एजे, बरी आहेस ना?"

"बरी आहे," ती म्हणाली.

पुढचं उत्तर विचारायची माझी छाती झाली नाही.